अतिदक्षता विभागातील रुग्णाला नळीवाटे अन्न: कोणती नळी, किती अन्न आणि कोणत्या गतीने

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६४ वर्षांचे, मधुमेही, वजन सुमारे ६० किलो. न्यूमोनियामुळे गेले सहा दिवस ते व्हेंटिलेटरवर आहेत. पहिल्या दिवशी रक्तदाब फार खाली गेल्यामुळे अन्न सुरू केले नव्हते. दुसऱ्या दिवशी नाकातून नळी घालून थोडे थोडे फीड सुरू झाले, पण ते अधूनमधून थांबवले जाते. इतके कमी अन्न म्हणजे उपासमारच नाही का, सलाईनमधून ताकद देता येणार नाही का, घरची पेज, डाळीचे पाणी, नारळपाणी नळीतून चालेल का आणि एका परिचितांनी सुचवल्याप्रमाणे पोटाला छिद्र पाडून नळी बसवून घ्यावी का, असे आपण विचारले आहे.

अतिदक्षता विभागात अनेक वर्षे काम करताना बनलेले माझे मत सुरुवातीलाच सांगते. अशा रुग्णाच्या बाबतीत नळी कोणत्या प्रकारची आहे, यापेक्षा ती खरोखर जठरात आहे याची खात्री कशी केली, अन्न किती हळू वाढवले आणि विनाकारण किती वेळा थांबवले, या तीन गोष्टींनी अधिक फरक पडतो. नातेवाइकांची काळजी बहुधा 'किती दिले' याभोवती फिरते आणि ती स्वाभाविकही आहे. परंतु आजारपणाच्या पहिल्या आठवड्यात कमी दिल्याने होणाऱ्या नुकसानापेक्षा घाईने दिल्याने होणारे नुकसान मी जास्त वेळा पाहिले आहे. वडिलांना प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचा निर्णय अर्थातच अंतिम असेल. त्यांच्याशी बोलताना आपल्याला उपयोग व्हावा, या हेतूने हे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम सलाईनविषयी. साध्या सलाईनमध्ये मीठ आणि पाणी असते, कॅलरी शून्य. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे शंभराच्याही आत कॅलरी, आणि प्रथिने अजिबात नाहीत. त्यामुळे सलाईन चालू आहे म्हणजे पोषण चालू आहे, हा समज मनातून काढून टाकावा. शिरेतून संपूर्ण पोषण देणारी तयार द्रावणे असतात, त्यांत ग्लुकोज, अमिनो आम्ले आणि स्निग्ध पदार्थ हे सर्व असते. मात्र ती बहुतेक वेळा मानेच्या किंवा खांद्याखालच्या मोठ्या शिरेतून द्यावी लागतात आणि आतडे काम करत नसेल तेव्हाच त्यांची खरी गरज असते. आतडे हे केवळ अन्न शोषणारे इंद्रिय नाही. त्याच्या अस्तराच्या पेशी आतून जाणाऱ्या अन्नावरही जगतात आणि ते अस्तर शाबूत राहिले तर आतड्यातील जिवाणूंना अडवणारी भिंतही शाबूत राहते. म्हणून आतडे चालू असेल तर त्याचाच वापर करायचा, हा जगभरातील अतिदक्षता विभागांचा नियम आहे. इंग्लंडमधील ३३ अतिदक्षता विभागांत सुमारे २,४०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिरेतून पोषण आणि नळीतून पोषण यांत ३० दिवसांच्या मृत्युदरात फरक आढळला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. म्हणजे शिरेतील पोषण हे विष नव्हे. पण ते महाग आहे, त्याला अधिक देखरेख लागते आणि त्यातून अधिक काही पदरात पडत नाही.

पहिल्या दिवशी अन्न न देण्याचा निर्णय बरोबर होता. रक्तदाब टिकवण्यासाठी नॉरअॅड्रेनॅलिनची मात्रा वाढवावी लागत असेल, तेव्हा शरीर मेंदू आणि हृदय वाचवण्यासाठी आतड्याचा रक्तपुरवठा कमी करते. अशा वेळी आतड्यात भरपूर अन्न गेले तर पचनासाठी रक्ताची मागणी वाढते, पुरवठा मात्र नसतो आणि आतड्याचा भाग काळा पडण्याचा धोका निर्माण होतो. फ्रान्समध्ये व्हेंटिलेटरवरील आणि शॉकमधील (रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळलेल्या) २,४१० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात लवकर आणि पूर्ण मात्रेत नळीतून अन्न दिलेल्या गटात आतड्याच्या रक्तपुरवठ्याअभावी झालेल्या इजेचे १९ रुग्ण आढळले, शिरेतून पोषण दिलेल्या गटात ५. आकडा लहान असला तरी ही गुंतागुंत झालेले रुग्ण क्वचितच वाचतात, त्यामुळे तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. रक्तदाब स्थिरावला, औषधाची मात्रा कमी होऊ लागली, रक्तातील लॅक्टेट (पेशींना रक्त आणि ऑक्सिजन अपुरा पडला की वाढणारा पदार्थ) उतरू लागले की २४ ते ४८ तासांत थोड्या मात्रेने सुरुवात करायची, ही सर्वमान्य पद्धत आहे आणि आपल्या वडिलांच्या बाबतीत नेमके तेच झाले आहे.

आता 'इतके कमी का' या प्रश्नाकडे वळते. तीव्र आजाराच्या पहिल्या काही दिवसांत शरीर स्वतःचे स्नायू आणि चरबी मोडून ऊर्जा तयार करत असते आणि बाहेरून अन्न दिले म्हणून ही मोडतोड थांबत नाही. आतून तयार होणारी ऊर्जा आणि बाहेरून दिलेली ऊर्जा यांची बेरीज होते, साखर वाढते, यकृतावर ताण येतो, कार्बन डायऑक्साइड अधिक तयार होतो आणि तो बाहेर टाकण्यासाठी आधीच थकलेल्या फुफ्फुसांना जास्त काम करावे लागते. फ्रान्समध्येच ३,०४४ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या सात दिवसांत एका गटाला दररोज किलोमागे केवळ ६ कॅलरी आणि दुसऱ्याला २५ कॅलरी दिल्या. मृत्युदर सारखाच राहिला. कमी कॅलरी मिळालेले रुग्ण अतिदक्षता विभागातून बाहेर पडण्यास थोडे लवकर सज्ज झाले आणि त्यांच्यात उलट्या, जुलाब व आतड्याची इजा कमी दिसली. त्याआधी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये जवळजवळ ४,००० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, फीडमधील कॅलरी दीडपट करूनही जगण्याचे प्रमाण वाढले नव्हते. प्रथिनांबाबतही असेच दिसले: १६ देशांतील १,३२९ रुग्णांच्या अभ्यासात जास्त प्रथिनांचा लाभ दिसला नाही आणि ज्यांची मूत्रपिंडे बिघडली होती, त्यांना तर तोटा झाल्याची चिन्हे होती.

याचा अर्थ रुग्णाला उपाशी ठेवावे असा नाही. साठ किलो वजनाच्या रुग्णासाठी एका मिलिलिटरला एक कॅलरी असलेले फीड तासाला २० मिलिलिटरने सुरू केले तर दिवसाला ४८० कॅलरी होतात, म्हणजे किलोमागे ८. एवढी मात्रा पोटाने आणि रक्तदाबाने सहन केली की ती दिवसागणिक वाढवत न्यायची आणि पहिल्या आठवड्याच्या अखेरीस किलोमागे २० ते २५ कॅलरी, म्हणजे १,२०० ते १,५००, आणि किलोमागे सुमारे १.३ ग्रॅम प्रथिने, म्हणजे दिवसाला ७८ ग्रॅमच्या आसपास, इथवर पोहोचायचे. आपल्या वडिलांचा आज सहावा दिवस आहे. म्हणून 'पहिल्या दिवशी किती कमी दिले' हा प्रश्न आता सोडून द्यावा आणि 'काल चोवीस तासांत किती ठरवले होते आणि प्रत्यक्षात किती गेले' हा प्रश्न विचारावा. झोपेसाठी प्रोपोफॉल चालू असेल तर ते औषध स्निग्ध द्रावणात असते आणि त्याच्या प्रत्येक मिलिलिटरमधून १.१ कॅलरी मिळते, हेही हिशेबात धरावे लागते. तासाला १५ मिलिलिटर चालू असेल तर दिवसाला जवळजवळ ४०० कॅलरी तिथूनच येतात.

घाई न करण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते आपल्याकडे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. आजारी पडण्यापूर्वी दहा-पंधरा दिवस रुग्णाने जवळजवळ काहीच खाल्ले नसेल, दारूचे व्यसन असेल, टीबी किंवा कर्करोगामुळे वजन फार उतरलेले असेल, तर अशा शरीराला एकाएकी पूर्ण अन्न मिळाल्यावर इन्शुलिन वाढते आणि रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत शिरतात. रक्तातील फॉस्फेट कोसळले की श्वासाचे स्नायू दुबळे होतात, हृदयाचे ठोके बिघडतात आणि व्हेंटिलेटर काढण्याच्या बेतात असलेला रुग्ण पुन्हा खालावतो. दुसऱ्या महायुद्धातून सुटलेल्या उपाशी कैद्यांमध्ये ही अवस्था प्रथम ठळकपणे दिसली होती. अशा रुग्णाला किलोमागे दहा कॅलरींनी किंवा त्याहूनही कमी मात्रेने सुरुवात करायची, अन्नाआधी जीवनसत्त्व ब१ द्यायचे आणि पहिले काही दिवस रोज फॉस्फेट तपासायचे. फॉस्फेटची तपासणी आपल्या अनेक लहान रुग्णालयांत नेहमीच्या यादीत नसते. वडील आजारापूर्वी नीट जेवत नसतील तर ही माहिती डॉक्टरांना आवर्जून द्या. ती फक्त घरच्यांकडेच असते.

आता नळ्यांविषयी. नाकातून जठरात जाणारी जी नळी आपण पाहिली, तिला आपल्याकडे सगळे राइल्स ट्यूब किंवा नुसते आरटी म्हणतात. प्रौढांसाठी सामान्यतः १४ किंवा १६ नंबरची नळी वापरतात. एक नंबर म्हणजे बाहेरील व्यासाचा एक तृतीयांश मिलिमीटर, म्हणजे १५ नंबरची नळी पाच मिलिमीटर जाड. ती पोटातील साचलेले बाहेर काढण्यासही उपयोगी पडते, म्हणून सुरुवातीच्या दिवसांत सोयीची असते. पण स्वस्त पीव्हीसीची नळी जठरातील आम्लात काही दिवसांत कडक होते आणि नाकपुडी, घसा व जठराचे अस्तर घासू लागते, म्हणून ती साधारण आठवडा-दहा दिवसांनी बदलावी लागते. पोट चालू झाले आणि अन्न आणखी काही आठवडे नळीतूनच द्यावे लागेल असे दिसले की ८ ते १२ नंबरची, पॉलियुरेथेन किंवा सिलिकॉनची मऊ नळी घालणे रुग्णाच्या दृष्टीने फार सुखाचे असते. अपघातात कवटीच्या तळाचे हाड मोडले असेल, नाकातून पाण्यासारखा स्राव येत असेल, तर नाकातून नळी कधीही घालू नये, कारण ती मोडलेल्या जागेतून मेंदूकडे जाऊ शकते. अशा रुग्णाला तोंडातून घालतात. दुचाकीवरून पडून आलेल्या रुग्णांच्या बाबतीत हा नियम रात्री-अपरात्रीही पाळला गेला पाहिजे.

नळी घालण्यापूर्वी नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत अंतर मोजतात. प्रौढात ते बहुधा ५० ते ६० सेंटिमीटरच्या दरम्यान येते. शुद्धीवर असलेल्या माणसाला हनुवटी छातीकडे झुकवून घोट घ्यायला सांगितले की नळी अन्ननलिकेत सरकते आणि चुकून श्वासनलिकेत गेलीच तर त्याला जोराचा ठसका लागतो. व्हेंटिलेटरवरील, गुंगीच्या औषधाखालच्या रुग्णाला हा ठसका लागत नाही. श्वासनलिकेत आधीच एक नळी आहे आणि तिच्याभोवती फुगा फुगवलेला आहे, मग आरटी तिथे कशी जाईल, असे नातेवाइकांनाच काय, नवख्या डॉक्टरांनाही वाटते. परंतु बारीक नळी त्या फुग्याच्या कडेने सहज खाली उतरते. अशी नळी फुफ्फुसात गेली आणि तिच्यातून दोनशे मिलिलिटर फीड सोडले गेले तर होणारी हानी भरून काढणे फार अवघड असते. म्हणूनच या एका टप्प्यावर मी कोणतीही सवलत देत नाही.

नळीतून सिरिंजने हवा सोडायची आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवून 'गुडगुड' ऐकू आली की नळी जागेवर आहे असे मानायचे, ही पद्धत आपल्याकडे आजही सर्वत्र चालते. ती भरवशाची नाही. नळी फुफ्फुसात किंवा अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असली तरी तो आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो. ब्रिटनमध्ये २००५ सालीच रुग्णसुरक्षा यंत्रणेने ही पद्धत वापरू नये असा इशारा दिला होता. नळीतून ओढलेला द्रव लिटमसऐवजी पीएच (आम्लता मोजण्याचे माप) दाखवणाऱ्या पट्टीवर तपासावा; पीएच ५.५ किंवा त्याहून कमी असेल तर तो जठरातील आम्लाचा पुरावा आहे. पण अतिदक्षता विभागातील बहुतेक रुग्णांना आम्ल कमी करणारे इंजेक्शन चालू असते, त्यामुळे पीएच वर सरकतो आणि ही चाचणी अडखळते. तेव्हा अखेरचा पुरावा छातीच्या एक्स-रेचा, आणि तोही नुसता काढून ठेवलेला नव्हे तर वाचलेला. तो वाचताना मी चार गोष्टी क्रमाने पाहते: नळी मधल्या रेषेत सरळ खाली उतरते का, श्वासनलिका जिथे दोन फाट्यांत विभागते, तिथे नळी कोणत्याही फाट्याच्या मागे न जाता दोहोंच्या मधून जाते का, श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा) ती मधोमध ओलांडते का, आणि तिचे टोक श्वासपटलाच्या बरेच खाली, डाव्या बाजूला दिसते का. एवढे झाल्यावर नाकपुडीशी नळीवर कोणता आकडा आहे तो कागदावर लिहायचा, चिकटपट्टीवरही लिहायचा, आणि प्रत्येक पाळीत सिस्टरने तो पडताळायचा. रुग्ण खोकला, उलटी झाली, त्याची कूस बदलली आणि आकडा सरकलेला दिसला तर फीड बंद ठेवून पुन्हा खात्री करायची. मऊ नळीत घालताना जी तार असते, ती एकदा बाहेर काढल्यावर नळी शरीरात असताना पुन्हा आत घालायची नाही, कारण ती नळीच्या बाजूच्या छिद्रातून बाहेर पडून आतडे किंवा जठर भेदू शकते.

अन्न देण्याच्या गतीच्या तीन पद्धती आहेत. पंपाने चोवीस तास सतत. दिवसातून चार ते सहा वेळा, प्रत्येक वेळी अर्धा ते एक तास, पिशवी उंच टांगून. किंवा ५० मिलिलिटरच्या सिरिंजने एकावेळी २०० मिलिलिटरच्या आसपास. व्हेंटिलेटरवरील रुग्णासाठी पंप सर्वांत चांगला, विशेषतः जुलाब होत असतील किंवा पोट हळू रिकामे होत असेल तर. मात्र पंप नसलेली रुग्णालये महाराष्ट्रात पुष्कळ आहेत आणि तिथे सिस्टर दर दोन तासांनी सिरिंजने फीड देतात. ही पद्धत चुकीची नाही, फक्त सिरिंजचा दट्ट्या दाबून अन्न आत ढकलायचे नाही, दट्ट्या काढून ते आपल्या वजनाने उतरू द्यायचे. नळी लहान आतड्यात असेल तर मात्र सिरिंजने एकदम कधीही देऊ नये. जठराला साठवण्याची जागा आहे, आतड्याला नाही. तिथे एकदम दोनशे मिलिलिटर पडले की पोटात कळा येतात, घाम फुटतो आणि जुलाब होतात. कोणत्याही पद्धतीत खाटेची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी, आणि तीही नुसती उशी ठेवून नव्हे, कंबरेपासून वर. कोविडच्या काळात रुग्णांना पालथे झोपवून ठेवावे लागत असतानाही संपूर्ण खाट डोक्याकडे थोडी उंच ठेवून आम्ही फीड चालू ठेवत असू आणि बहुसंख्य रुग्णांना ते सोसत असे.

फीड अधूनमधून का थांबते, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. काही कारणे रास्त असतात: रक्तदाब पुन्हा कोसळणे, पोट फुगून कडक होणे, उलटी, सीटी स्कॅनसाठी नेणे, श्वासनलिकेची नळी काढण्याची तयारी. पण बरीच कारणे केवळ जुन्या सवयीची असतात. त्यांतील सर्वांत मोठे म्हणजे दर चार तासांनी पोटातील शिल्लक ओढून पाहणे आणि १५०-२०० मिलिलिटर निघाले की फीड बंद करणे. जठर स्वतःच दिवसाला लिटर-दोन लिटर रस तयार करते, वरून लाळ येते. त्यामुळे दोनशे मिलिलिटर निघणे हे बिघाडाचे लक्षण नाही. फ्रान्समधील ४४९ रुग्णांच्या २०१३ च्या अभ्यासात ही शिल्लक मोजणे पूर्णपणे बंद केल्यावरही व्हेंटिलेटरमुळे होणाऱ्या न्यूमोनियाचे प्रमाण वाढले नाही आणि रुग्णांना अन्न मात्र अधिक मिळाले. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहा तासांत ५०० मिलिलिटरहून अधिक शिल्लक निघाली तरच फीड पुढे ढकलण्याचा विचार करावा. मी सरसकट मोजणे बंद करत नाही. उलटी झालेल्या, पोट फुगलेल्या किंवा नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णात मोजते आणि निघालेला द्रव स्वच्छ असेल तर परतही घालते. पोट खरोखरच रिकामे होत नसेल तर हृदयाचा आलेख पाहून दोन-तीन दिवस शिरेतून एरिथ्रोमायसिन किंवा मेटोक्लोप्रमाइड देतात. त्यानंतर त्यांचा परिणाम ओसरतो. तरीही जमत नसेल तेव्हा दुर्बिणीच्या किंवा एक्स-रेच्या मदतीने नळीचे टोक जठराच्या पुढे लहान आतड्यात नेणे योग्य ठरते. ही नळी सरसकट सर्वांना घालण्याची गरज नाही. तीव्र स्वादुपिंडदाहातसुद्धा अनेक रुग्णांना साध्या जठरातील नळीने भागते.

घरच्या अन्नाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे या प्रश्नामागे माया असते आणि पैशाची विवंचनाही असते. तयार फीडची पावडर महाग पडते, रोजचा खर्च कुटुंबाला जाणवतो आणि आपल्या माणसाला डब्यातली पावडर न देता घरचे काही द्यावे असे वाटणे साहजिक आहे. तरीही हिशेब पाहा. गाळलेल्या डाळीच्या पाण्यात प्रथिने नाममात्र असतात, डाळ गाळणीतच राहते. नारळपाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २० कॅलरी असतात आणि जवळजवळ २५० मिलिग्रॅम पोटॅशियम. ज्याची मूत्रपिंडे दबली आहेत त्याला दिवसातून दोनदा नारळपाणी देणे हृदयासाठी धोक्याचे ठरू शकते. नाचणीची पेज नळीतून उतरण्याइतकी पातळ केली की तिच्यात बहुतांश पाणीच उरते. गाईच्या दुधाच्या २०० मिलिलिटरमध्ये १३० च्या आसपास कॅलरी आणि साडेसहा ग्रॅम प्रथिने मिळतात, ते त्यातल्या त्यात बरे. या सर्वांवर ७८ ग्रॅम प्रथिने गाठायची म्हटली तर इतके लिटर द्रव द्यावे लागेल की फुफ्फुसात पाणी साचलेल्या रुग्णाला ते सोसणार नाही.

दुसरी अडचण जंतूंची आहे. घरी सकाळी सहाला केलेली पेज थर्मासमधून अकराला रुग्णालयात पोहोचते, कोमट राहते आणि त्या तापमानाला जिवाणू झपाट्याने वाढतात. निरोगी माणूस ते पचवेल, आम्ल कमी करणारी औषधे चालू असलेल्या रुग्णाचे जठर त्यांना मारू शकत नाही. कच्चे अंडे नळीतून घालण्याचा सल्लाही अजून काही ठिकाणी दिला जातो. तो कृपया मानू नये. भारतीय अतिदक्षता वैद्यकांच्या संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, घरगुती किंवा मिक्सरमधून काढलेल्या फीडपेक्षा प्रमाणबद्ध तयार फीडला स्पष्ट पसंती दिली आहे आणि तीव्र अवस्थेत मीही तेच सुचवते. पावडरचे फीड उकळून गार केलेल्या पाण्यात, धुतलेल्या हातांनी, डब्यावर सांगितलेल्या प्रमाणातच कालवावे. 'पोटाला जड होईल' म्हणून दुप्पट पाणी घातले की कॅलरी निम्म्या होतात आणि कागदावर मात्र पूर्ण लिहिल्या जातात. कालवलेले फीड टांगल्यापासून चार तासांत संपवावे, उरलेले फेकून द्यावे, त्यात नवीन ओतू नये. बंद पिशवीत तयार मिळणारे फीड २४ तासांपर्यंत टांगता येते. खर्च खरोखरच झेपत नसेल तर तसे आहारतज्ज्ञांना स्पष्ट सांगा. दूध, दुधाची पावडर, साखर, तेल आणि भाजलेल्या डाळीचे पीठ यांचा मोजून केलेला, रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात प्रत्येक वेळी ताजा शिजवलेला फीड बऱ्याच सरकारी रुग्णालयांत दिला जातो आणि योग्य देखरेखीखाली तो उपयोगी पडतो. मात्र त्यासाठी जाड नळी लागते, बारीक नळी त्याने तुंबते.

नळी तुंबण्याचे खरे कारण अन्नापेक्षा औषधे असतात. प्रत्येक गोळी वेगळी कुटून, पाण्यात विरघळवून द्यायची, आधी, मध्ये आणि नंतर पाणी सोडायचे, आणि फीडमध्ये औषध मिसळायचे नाही. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या तर दिवसभराची मात्रा एका क्षणात सुटते, म्हणून त्या कुटायच्याच नाहीत. फिटसाठी दिले जाणारे फेनिटॉइन फीडबरोबर नीट शोषले जात नाही. त्याच्या आधी आणि नंतर एक-दोन तास फीड थांबवावे लागते. वडील मधुमेही असल्यामुळे एक सूचना ठळकपणे देते: इन्शुलिन चालू असताना फीड कोणत्याही कारणाने थांबले, तर इन्शुलिनचा फेरविचार त्याच क्षणी व्हायला हवा. गुंगीतल्या रुग्णात साखर ४० पर्यंत उतरली तरी बाहेरून काही दिसत नाही.

जुलाब सुरू झाले की फीडला दोष दिला जातो आणि ते बंद होते. आधी अँटिबायोटिक्स, पातळ औषधांत गोडीसाठी घातलेले सॉर्बिटॉल आणि दूषित फीड यांचा विचार करावा. फीड क्वचितच बंद करावे लागते.

आता पोटातून नळी बसवण्याविषयी. दुर्बिणीच्या साहाय्याने पोटाच्या भिंतीतून थेट जठरात नळी बसवण्याची ही पद्धत १९७९ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे एका तान्ह्या मुलावर प्रथम वापरली गेली; तिला पेग म्हणतात. ती उत्तम पद्धत आहे, पण चार-सहा आठवड्यांहून अधिक काळ नळी लागणार असे दिसत असेल तेव्हा. पक्षाघातामुळे गिळता न येणाऱ्या रुग्णांवरील २००५ च्या मोठ्या अभ्यासात, पहिल्या काही आठवड्यांत पेग केलेल्यांपेक्षा नाकातून नळी ठेवलेल्या रुग्णांची अवस्था पुढे बरी राहिली. आपल्या वडिलांचा आजार फुफ्फुसाचा आहे, गिळण्याची यंत्रणा मुळात शाबूत होती आणि अजून आठवडाही झालेला नाही; आज पेगचा विचार करण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. पुढे कधी ती बसवावी लागलीच तर एक गोष्ट लक्षात ठेवावी: बसवल्यापासून पहिल्या काही आठवड्यांत ती निघून आली तर घरी किंवा वॉर्डात ती परत खुपसायची नाही, कारण जठर आणि पोटाची भिंत अजून चिकटलेली नसतात आणि नळी पोटाच्या पोकळीत जाते.

व्हेंटिलेटर निघाल्यावर नातेवाईक पहिली मागणी करतात ती नाकातली नळी काढण्याची. कित्येक दिवस घशात नळी राहिल्यामुळे स्वरयंत्राची संवेदना मंदावलेली असते आणि रुग्ण ठसका न लागताच पाणी श्वासनलिकेत घेऊ शकतो. म्हणून आधी बसवून चमच्याने थोडे पाणी, मग दह्यासारखा घट्ट पदार्थ देऊन गिळणे तपासावे. आवाज ओलसर, घोगरा झाला किंवा ऑक्सिजन उतरला तर थांबावे. गिळणे सुरक्षित दिसले तरी नळी लगेच काढू नये. या काळात रुग्ण दोन चमचे भात खातो, सगळ्यांना आनंद होतो, आणि दिवसअखेर गरजेच्या निम्मेही पोटात गेलेले नसते. दिवसा तोंडाने आणि रात्री नळीतून असे काही दिवस चालवावे, प्रत्येक घास, प्रत्येक पेला लिहून ठेवावा, आणि सलग दोन-तीन दिवस तोंडावाटे गरजेच्या निदान दोन तृतीयांश अन्न जाते आहे असे त्या नोंदीत दिसल्यावरच नळी काढायला सांगावी.